अंगातलं लोखंड

माझ्या रागाबद्दल आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला नवल वाटायला नको. तो कायम माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. मी शाळेत गणित शिकवते, आठवी ते दहावी, हिंदी माध्यमात. पोरं पाठीमागे मला काय म्हणतात तेही मला माहीत आहे. शाळेत हिंदी, घरात मराठी आणि डोकं फिरलं की दोन्ही एकदम. भिलाईत वाढलेल्या आमच्यासारख्यांचं असंच असतं. बाबा भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातून इथे आले, पोलादाच्या प्लांटमध्ये लागले आणि सदतीस वर्षं ब्लास्ट फर्नेसवर, लोखंड वितळवणाऱ्या भट्टीवर, काढून रिटायर झाले. आई जाऊन दहा वर्षं झाली. घरात बाबा, मी आणि माझ्याहून सहा वर्षांनी लहान भाऊ. तो कुम्हारीच्या एका छोट्या कारखान्यात आहे, रोज मोटारसायकलनं जाऊन येऊन करतो.

मला जे सांगायचं आहे ते आजार बरा झाल्यानंतरचं आहे, पण आजाराशिवाय ते कळणार नाही. फळ्यावर प्रमेय लिहिता लिहिता एक दिवस मला खडू उचलवेना. आधी वाटलं, परीक्षांचा थकवा. मग हातापायांवर निळे डाग उठायला लागले आणि तपासण्या झाल्यावर कळलं की हाडांच्या आतली मज्जा, जिथे रक्त तयार होतं, तिनंच काम सोडलं आहे. त्यानंतर दीड वर्ष मी दुसऱ्यांच्या रक्तावर जगले. हे मी अलंकारिक बोलत नाही. दहा-बारा दिवस झाले की रक्ताची पिशवी लागायची आणि प्रत्येक पिशवीसाठी कुणीतरी माणूस लागायचा.

बाबांनी ती माणसं आणली. आयुष्यात कधी कुणाकडे साखरेची वाटी न मागितलेला हा माणूस, जुन्या शिफ्टच्या सोबत्यांच्या दारात जाऊन उभा राहिला. कुणी ड्यूटी संपवून थेट सायकलनं यायचा, रक्त द्यायचा, चहा प्यायचा आणि माझ्याकडे न बघताच निघून जायचा, कारण मला लाज वाटेल असं त्याला वाटायचं. उतईहून माझ्या एका विद्यार्थिनीची आई आली, आयुष्यात पहिल्यांदा एकटी बसमध्ये बसून. अहिवाऱ्याच्या खाणीवर ट्रक चालवणारा एक जण आला, त्याला मी दोनदा नापास केलं होतं. सुई टोचलेली असताना तो हसत मला म्हणाला, “मैडम, इस बार तो पास कर दो.” मी त्याच्यावर ओरडले की हात हलवू नको. मग मान फिरवून रडले.

भावाची मज्जा माझ्याशी पूर्ण जुळली आणि रायपूरला ट्रान्सप्लांट झालं. त्या दिवसांतल्या उलट्या, गेलेले केस, काचेपलीकडे उभे असलेले बाबा, हे सगळं मी फार आठवत नाही. आठवायला घेतलं तर अंगावर येतं. मोठी गोष्ट एवढीच की ते लागू पडलं. माझा रक्तगटसुद्धा बदलून भावाचा झाला. तेव्हापासून त्याला एक हत्यारच मिळालं आहे. मी चिडले की तो म्हणतो, “पाह्य बाबा, माहंच रक्त माह्यावर उसळून राहिलं!”

हळूहळू हिमोग्लोबिन वर चढलं, पिशव्या बंद झाल्या. वर्षभरानं मी अर्ध्या दिवसासाठी शाळेत जायला लागले. शेजारपाजारच्या बायका बीट, डाळिंब, गूळ-शेंगदाण्याचे लाडू आणून द्यायच्या. बाबांनी माझ्या पाण्याचं खातं स्वतःकडे घेतलं होतं. ट्रान्सप्लांटनंतर बराच काळ उकळलेलंच पाणी प्यायचं असतं. बाबा ते सकाळी एकदा आणि दुपारी एकदा उकळून, गाळून, माझ्या बाटल्या भरून ठेवायचे. त्या कामाला त्यांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मला वाटलं, चला, सुटलो.

तेव्हा रायपूरच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं की माझ्या अंगात लोखंड साठलं आहे.

डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या, बोलायला शांत. त्यांनी समजावलं की रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर थोडं लोखंड अंगात येतं. दुसऱ्याचं रक्त काही आठवड्यांत झिजून जातं, लोखंड मात्र मागे राहतं, कारण ते बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. ते यकृतात जाऊन बसतं, पुढे हृदयात. रक्तातला फेरिटिन नावाचा आकडा त्याचा अंदाज देतो आणि माझा आकडा चार अंकी झाला होता. मी हसले. म्हटलं, भट्टीवाल्याची पोरगी आहे, लोखंड नाही साठणार तर काय साठणार? डॉक्टरबाई हसल्या नाहीत.

आधी गोळ्या झाल्या, पाण्यात विरघळवून प्यायच्या. लोखंड लघवी-संडासवाटे काढणाऱ्या. त्या माझ्या किडनीला सोसेनात, म्हणून थांबवाव्या लागल्या. उरला एकच उपाय. आता माझी मज्जा चांगली चालत होती, तेव्हा दर पंधरा दिवसांनी अंगातून एक पिशवी रक्त काढून टाकायचं. नवीन रक्त बनवायला शरीर साठलेलं लोखंड वापरेल आणि साठा उतरेल. सरळ वजाबाकी. मला लगेच पटलं.

बाबांना पटलं नाही. पहिल्या वेळी ते माझ्याजवळ स्टुलावर बसले होते. पिशवी भरली, सिस्टरनं ती बंद केली आणि कोपऱ्यातल्या डब्यात टाकली. “किसको चढ़ाएँगे?” बाबांनी विचारलं. सिस्टर म्हणाली, कुणालाच नाही, हे फेकायचं असतं. बाबा उठून बाहेर गेले. परतीच्या बसमध्ये कुम्हारी आल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाले, “ज्या रक्तासाठी मी लोकाइच्या पाया पडलो, ते हे फेकून राहिले.” मी त्यांना वजाबाकी समजावून सांगितली. त्यांनी मान डोलावली. माझ्या वर्गातली मागच्या बाकावरची पोरं डोलावतात तशी ती मान होती, आणि मला ते ओळखू यायला हवं होतं.

तीन महिने रक्त काढलं. आकडा उतरला नाही. एकदा तर चढला.

डॉक्टरबाईंनी सांगितलं की अंगात कुठे जंतुसंसर्ग किंवा सूज असली तरी हा आकडा वाढतो, म्हणून त्याही तपासण्या झाल्या. काही निघालं नाही. एमआरआय झालं. यकृतात लोखंड तसंच ठाण मांडून होतं, वर यकृत कडक व्हायला सुरुवात झाली होती. डॉक्टरबाई म्हणाल्या की आता उतरवलं तर यकृत सावरेल, पण असंच आणखी काही महिने चाललं तर जे बिघडेल ते परत दुरुस्त होणार नाही. मग त्यांनी विचारलं, “आप घर पर कोई टॉनिक तो नहीं ले रही हैं?”

मी भडकले. म्हटलं, मैडम, मी गणिताची मास्तरीण आहे, एका हातानं वजा करून दुसऱ्या हातानं बेरीज करायला मला वेड लागलेलं नाही. डाळिंबाचे दाणे मोजून खाते, गूळ बंद आहे, लाडू भाऊ खातो. बाबा शेजारीच बसले होते. ते चपलेच्या अंगठ्याकडे बघत होते.

त्यानंतर आठवडाभर माझ्या जिवाला घोर लागला. जेवताना, वर्गात, सगळीकडे तोच विचार. एवढ्या लोकांनी ओढून काढलं, भावानं हाडांतलं काढून दिलं आणि आता मी यकृतानं मरणार का? मला मरणाची भीती होतीच, पण त्याहून जास्त संताप होता. कुणावर, ते कळत नव्हतं.

ते लवकरच कळलं. डिसेंबरचे दिवस होते, दहावीची प्रात्यक्षिकं असल्यामुळे माझे तास झाले नाहीत आणि मी साडेदहालाच घरी आले. पुढचं दार नुसतं लोटलेलं. मागच्या आंगणात बाबा सिगडीपुढे उकिडवे बसले होते. मला वाटलं, थंडीचं शेकत असतील. तेवढ्यात त्यांनी सांडशीनं निखाऱ्यांतून काहीतरी लालभडक उचललं आणि बाजूच्या पितळी पातेल्यातल्या, आमच्याकडच्या गंजातल्या, पाण्यात बुडवलं. चर्रकन आवाज झाला, वाफ आली. त्यांनी ते परत निखाऱ्यांत ठेवलं, परत तापवलं, परत बुडवलं. जुन्या विळ्याचं पातं होतं. मग गंजातलं पाणी चार पदरी फडक्यातून गाळून त्यांनी माझ्या बाटलीत ओतलं, झाकण लावलं आणि बाटली उजेडाकडे धरून बघितली.

“बाबा, हे काय करून राहिले तुमी?”

ते दचकले, पण लपवायला गेले नाहीत. बाटली हातातच. “लोहा विझवलेलं पानी आहे. बाळंतिनीले देतात आमच्या गावाकडे. तू झाली तेव्हा तुही माय पांढरीफटक पडली होती. माह्या मायनं दीड महिना हेच पाजलं, मंग उठून उभी राहिली ते.”

“कधीपासून?”

“ते रक्त काढू लागले तवापासून. तिकून ते काढतात, इकून भराले पाह्यजे ना कोनी तरी?”

मला चवीवरून कळायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण ट्रान्सप्लांटच्या वेळच्या किमोनंतर माझ्या तोंडाला दोन वर्षं सगळंच लोखंडासारखं लागत होतं, भातसुद्धा. म्हणून बाबांचं फावलं.

“तुमाले सांगतलं होतं ना मी! शंभरदा सांगतलं! लोखंडच तर काढून राहिले ते!”

“पोरी, लोखंड मले नको शिकवू,” बाबा म्हणाले. “सदतीस वर्स मी लोखंडातच काढले.”

आणि मग मी बोलले. काय बोलले ते मला अक्षरन् अक्षर आठवतं. “डॉक्टर वाचवून राहिली न् बाप मारून राहिला. मले मारून टाकाले निंगाले का तुमी?” आवाज एवढा होता की शेजारच्या आंगणात कपडे वाळत घालणारी बाई आत निघून गेली. बाबांच्या तोंडावरचा रंग उडाला. त्यांनी बाटली जमिनीवर ठेवली, सिगडीवर पाणी ओतलं आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

तीन दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज. पाणी भाऊ उकळायला लागला. बाबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरूनच परत फिरायचे. त्यांना बोलवायला मी गेले नाही. भाऊ मला म्हणाला, “लई बोलली तू. त्याइले काही समजत नाही असं वाटते का तुले? तुहं रक्त फेकताना पाहून भेव वाटत होतं त्याइले.” मी त्यालाही सुनावलं. खरं तर मला जाऊन बाबांच्या पायाशी बसायचं होतं, पण आमच्या घरात ते कुणाला जमत नाही. मलाही जमलं नाही.

रक्त काढायच्या पुढच्या खेपेला मी बाबांना म्हटलं, चला रायपूरला, डॉक्टरबाईला तुम्हीच सांगा. त्यांची फजिती व्हावी असं मनात कुठेतरी होतं, हे कबूल करते. डॉक्टरबाईंच्या खोलीत शिरल्यावर मी तोंड उघडायच्या आत बाबांनी हात जोडले आणि सगळं सांगून टाकलं. पातं, पाणी आणि मला माहीत नसलेलं आणखी एक. आंबट अंबाडीची भाजी ते मुद्दाम आईच्या जुन्या लोखंडी कढईत करत आणि तिच्यातच तासभर ठेवत, कारण आंबटात लोखंड सुटतं हे त्यांना माहीत होतं. “गलती हमारी है,” ते म्हणाले. “लड़की का कुछ नहीं.”

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, त्यातून किती लोखंड गेलं ते मला सांगता येणार नाही, कदाचित फार नसेलही, पण हिच्या अंगात आता एक कणसुद्धा वाढून चालणार नाही. त्यांनी एमआरआयचं चित्र संगणकावर काढलं आणि काळं पडलेलं यकृत बाबांना दाखवलं. इतकं भरलं आहे, म्हणाल्या, की जागाच उरली नाही. काढलं नाही तर ते आतूनच खाईल.

बाबांनी पुढे वाकून त्या काळ्या डागाभोवती बोट फिरवलं. मग म्हणाले, “मैडम, तो ये टैपिंग है.”

डॉक्टरबाईंना कळलं नाही. तेव्हा माझ्या बापानं त्यांच्या टेबलावरचा पेनांचा डबा पुढे ओढला आणि त्यांना ब्लास्ट फर्नेस शिकवली. वरून माल पडत राहतो, खाली वितळलेलं लोखंड जमत राहतं. ठरल्या वेळी तळाचं तोंड फोडून ते बाहेर काढावंच लागतं, त्याला टॅपिंग म्हणतात. टॅपिंग चुकली तर लोखंड वर चढतं, हवेच्या नळ्यांत शिरतं आणि चांगली भट्टी जागेवर बसते. बाहेर पेशंटची रांग लागली होती. डॉक्टरबाई हनुवटीला हात लावून ऐकत होत्या. “बिल्कुल यही है, अंकल,” त्या म्हणाल्या. “आप तो मुझसे अच्छा समझा रहे हैं.” बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं. “मैं तो टैप किए बिना माल डाल रहा था,” ते म्हणाले. मला एवढ्या वेळा वजाबाकी सांगून जे जमलं नव्हतं ते असं झालं, आणि मला वर्गात आपण काय शिकवतो याचा त्या दिवसापासून जरा संशयच आला आहे.

त्यानंतर बाबांनी माझा ताबाच घेतला. “उद्या तुही टॅपिंग आहे, जास्त चालू नको,” असं ते मला सांगत, आणि शेजारच्या आजोबांनाही, दूधवाल्यालाही. कढई गेली, तिच्या जागी अॅल्युमिनियमची आली. जेवणाबरोबर मला चहा द्यायला लागले, कारण चहानं अन्नातलं लोखंड अंगाला कमी लागतं असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. रायपूरला दोन दिवस रक्त काढायला जमणार नाही असा निरोप आला तर फोनवर भांडले, टैपिंग लेट नहीं होती मैडम, म्हणून. पिशवी भरत आली की ते पुढे वाकून बघायचे आणि मान डोलवायचे. ही मान आता पहिल्या बाकावरची होती.

मी त्या खुर्चीत हात लांब करून पडलेली असायचे तेव्हा मला ती माणसं आठवायची. सायकलवरून आलेली, बसमधून आलेली, दोनदा नापास झालेला तो. त्यांचं रक्त माझ्यात केव्हाच संपलं होतं. माझ्यात अजून जे होतं ते त्यांचं लोखंड होतं आणि तेच पिशवीतून बाहेर चाललं होतं. कधीकधी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं की यातल्या कितीतरी जणांना मी साधं धन्यवाद म्हटलेलं नाही. कुणाकुणाला म्हणणार, कसं म्हणणार? शाळेच्या वाटेवर कुणी भेटलं तर मी आता थांबते, एवढं करते. पूर्वी थांबत नव्हते. त्यांनी दिलं नसतं तर काढायला काही उरलंच नसतं, आणि मी त्यांची ऋणी आहे, हे मला कुणी विचारलं नाही तरी मी सांगते.

आकडा उतरायला लागला. आधी कुरकुरत, मग भराभर. चारावरून तीन अंकांवर आला त्या दिवशी भावानं जिलेबी आणली आणि सगळी स्वतःच खाल्ली. त्यानंतर आणखी काही महिने गेले. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी परत यकृताची तपासणी झाली. डॉक्टरबाईंनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली आणि म्हणाल्या की यकृत मऊ आहे, लोखंड जवळजवळ गेलं आहे, आता रक्त काढायची गरज नाही. मी त्यांचे दोन्ही हात धरले.

बाबा बाहेर बाकावर बसले होते. मी शेजारी जाऊन बसले आणि सांगितलं. त्यांनी रुमाल काढून तोंड पुसलं, चष्मा पुसला, परत तोंड पुसलं. आंगणात बाबांना बोललेलं ते वाक्य तेव्हापासून मला सलत होतं. यकृत गेलं असतं तर मी ते वाक्य घेऊनच गेले असते आणि ते म्हातारपणभर त्यांच्याजवळ राहिलं असतं. म्हणून मी घाई केली.

“बाबा, त्या दिवशी आंगनात मी तुमाले जे बोलली...”

“कोनत्या दिवशी?”

“त्या सिगडीच्या दिवशी. मी म्हनलं होतं का तुमी मले...”

“मले काही ऐकू नाही आलं, माय,” बाबा माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले. “सदतीस वर्स फर्नेसवर काढले. कान गेले माहे.”

दहाच मिनिटांपूर्वी, त्या गजबजलेल्या व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला, सिस्टरनं दाराआडून हळूच माझं नाव घेतलं होतं, आणि मला ऐकू यायच्या आधी बाबा उठून उभे राहिले होते.